आई-वडिलांसाठी पुण्यात वर्ष-दीड वर्ष: ग्रीन कार्ड सांभाळायचं कसं

वडिलांची बायपास झालेली असते. आईला एकटं ठेवणं आता शक्य नसतं. कर्वेनगरची जुनी सोसायटी पुनर्विकासाला निघालेली असते, नाहीतर वडिलोपार्जित घराची वाटणी अडलेली असते. अमेरिकेत राहणाऱ्या पुणेकराला लांबच्या मुक्कामासाठी घरी यावं लागतं ते बहुतेक अशाच कारणांनी. तिकीट काढेपर्यंत दहा जण सांगून जातात, "सहा महिन्यांतून एकदा जाऊन ये, कार्डाला काही होत नाही." नेमक्या याच सल्ल्यावर विसंबून निघालेले लोक परतताना अडचणीत येतात. तुमचं कायमचं घर अमेरिकेत आहे आणि पुण्यातला मुक्काम ठरावीक कामापुरता आहे, हे कागदांवरून दिसलं तर ग्रीन कार्ड टिकतं. त्यांतले सगळ्यात महत्त्वाचे कागद अमेरिकेतून निघण्याआधीच करावे लागतात. पुण्यात आल्यावर ते करता येत नाहीत.

दिवसांचं गणित

सलग १८० दिवसांपर्यंत बाहेर राहून परतलात, तर कायदा साधारणपणे तुम्हाला घरी परतणारा रहिवासी मानतो. १८० दिवस ओलांडले की विमानतळावरचा सीबीपी (अमेरिकेचं सीमा तपासणी खातं) अधिकारी तुम्हाला नव्याने प्रवेश मागणाऱ्या माणसासारखं तपासू शकतो. वीस वर्षांपूर्वीची दारू पिऊन गाडी चालवल्याची किंवा दुकानातल्या किरकोळ चोरीची केस तेव्हा पुन्हा उघडू शकते. असं काही नावावर असेल तर निघण्याआधी इमिग्रेशन वकिलाला कोर्टाचे कागद दाखवा. बाकी बहुतेक कामं स्वतः करता येतात, पण हे एकट्याने ठरवू नका.

सलग एक वर्ष बाहेर राहिलात तर नुसतं ग्रीन कार्ड प्रवेशासाठी वैध कागद राहत नाही, मग कार्डावरची मुदत आणखी सात वर्षं का असेना. त्यापुढे रीएन्ट्री परमिट, म्हणजे पुन्हा प्रवेशासाठी आधीच घेतलेला परवाना, लागतं आणि ते जास्तीत जास्त दोन वर्षांचं असतं.

१८० दिवसांच्या आत परतलं की सुरक्षित, असं मात्र नाही. पाच महिने पुणे, तीन आठवडे न्यू जर्सी, पुन्हा पाच महिने पुणे असं चक्र दोन-तीन वर्षं चाललं, तर एकही फेरी १८० दिवसांची नसूनही अधिकारी म्हणू शकतो की तुम्ही राहता पुण्यात आणि अमेरिकेला भेट द्यायला येता. त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं दाखवण्यासारखं तुमच्याकडे काय आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

'तात्पुरता' कशाला म्हणतात

इमिग्रेशन अपील मंडळाच्या १९८८ सालच्या हुआंग प्रकरणापासून, आणि त्याच्या आधीपासूनही, कसोटी साधारण एकच आहे. मुक्कामाला ठरलेला आणि तुलनेने थोडा काळ हवा. तसा नसेल, तर थोड्याच काळात घडण्याची वाजवी शक्यता असलेल्या एखाद्या घटनेवर तो संपायला हवा. 'कधीतरी परत जायचंच आहे' एवढी इच्छा पुरत नाही.

ही कसोटी आपल्या नेहमीच्या कारणांना लावून बघा. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची फिजिओथेरपी याला शेवट आहे. सोसायटीच्या विकसन करारात ताब्याची तारीख असते, तीही उपयोगी पडते. शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयातला वाटणीचा दावा मात्र किती वर्षं चालेल ते कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे 'दावा निकाली निघेपर्यंत' हे कमकुवत कारण आहे. तिथे विशेष मुखत्यारपत्र करून विश्वासातल्या नातेवाइकाकडे तारखा सोपवाव्यात आणि स्वतः साक्षीपुरतं यावं. अमेरिकेत केलेल्या मुखत्यारपत्रावर तिथल्या नोटरीनंतर अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) घ्या किंवा भारतीय वाणिज्य दूतावासाकडून साक्षांकन करून घ्या. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. ही मुदत बऱ्याच जणांची चुकते आणि पुढे दुय्यम निबंधकाकडे काम अडतं.

सगळ्यात अवघड कारण आई-वडिलांच्या सांभाळाचं. 'आई आहे तोवर' हे मनाला पटतं, पण कायद्याच्या नजरेत त्याला तारीख नाही. म्हणून काम तुकड्यांत बांधा. चौदा महिन्यांत उपचार मार्गी लावायचे, चोवीस तासांची मदतनीस बाई किंवा चांगलं वृद्धाश्रम ठरवायचं, बँकेची कामं आणि मृत्युपत्र उरकायचं, घर भाड्याने द्यायचं की विकायचं ते ठरवायचं आणि परतायचं. हा आराखडा खरा असावा आणि निघण्याआधी लिहिलेला असावा. भावाबहिणींना पाठवलेला तारखांसकट ईमेलही पुरावा असतो.

रीएन्ट्री परमिट

मुक्काम सहा महिन्यांपेक्षा लांबण्याची जरादेखील शक्यता असेल तर फॉर्म आय-१३१ भरून रीएन्ट्री परमिटचा अर्ज करा. वर्षभर राहणार हे नक्की असेल तर अर्ज न करता निघूच नका. 'नऊ महिन्यांत येणारच आहे, कशाला खर्च?' म्हणून अर्ज टाळणाऱ्यांचीच पुढे सर्वांत जास्त ओढाताण होते, कारण आजारपण आपण ठरवलेल्या तारखा पाळत नाही.

अर्ज करताना तुम्ही प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवं. पुण्यातून अर्ज पाठवला तर तो नाकारला जातो. यूएससीआयएस, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज हाताळणारी अमेरिकी सरकारी संस्था, प्रवासाच्या किमान ६० दिवस आधी अर्ज करायला सांगते. जमलं तर तीन महिने हातात ठेवा. शुल्क एप्रिल २०२४च्या दरपत्रकानुसार ६३० डॉलर आहे. अर्ज पाठवण्याच्या दिवशी यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर दर पुन्हा तपासा, कारण जुन्या शुल्काचा अर्ज तसाच परत येतो. २०२५च्या ऑक्टोबरअखेरपासून कागदी धनादेशही साधारणपणे घेत नाहीत. कार्डाने भरायचं तर फॉर्म जी-१४५०, अमेरिकेतल्या बँक खात्यातून भरायचं तर फॉर्म जी-१६५० सोबत जोडावा लागतो.

अर्जाबरोबर ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत आणि दोन इंच बाय दोन इंचाचे दोन फोटो जोडा. प्रवासाच्या कारणाचं एक पानाचं निवेदन जोडा: कोण आजारी आहे, कोणते उपचार चालू आहेत, तुमची गरज का आहे, केव्हा परतणार. पुण्यातल्या रुग्णालयाचा डिस्चार्ज सारांश इंग्रजीतच असतो, तो चालतो. मराठी कागद असेल, उदाहरणार्थ सोसायटीचा ठराव किंवा सातबारा, तर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने लिहून सही, नाव व तारीख घालायची असते.

फॉर्ममधल्या दोन प्रश्नांवर थांबून विचार करा. एक, कायम रहिवासी झाल्यापासून तुम्ही अमेरिकेबाहेर एकूण किती काळ राहिलात. दोन, तुम्ही कधी अनिवासी म्हणून अमेरिकी टॅक्स रिटर्न भरलं का, किंवा स्वतःला अनिवासी समजून रिटर्न भरायचं टाळलं का. दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर 'हो' असेल तर अर्ज पाठवण्याआधी वकील गाठा.

अर्ज पोहोचल्यावर आधी पावती येते आणि मग बोटांच्या ठशांसाठी बोलावणं. १४ ते ७९ वयाच्या प्रत्येकाला बायोमेट्रिक्स लागू आहे. कधीकधी जुनेच ठसे वापरले जातात, पण त्यावर भरवसा ठेवून तिकीट काढू नका. ठसे देण्याआधी देश सोडला आणि तारीख चुकली तर अर्ज बाद होऊ शकतो. वडील अतिदक्षता विभागात आहेत आणि निघावंच लागतंय, अशी वेळ आली तर अर्ज पोहोचता करून निघा, ऑनलाइन खात्यातून ठशांची तारीख ठरलेल्या दिवसाच्या आधीच बदलून घ्या आणि त्या तारखेला परत या. खर्चिक आहे, पण परमिट हातात येतं.

ठसे दिल्यावर तुम्ही पुण्यात येऊ शकता, परमिट हातात येईपर्यंत थांबायची गरज नाही. मंजुरीला अनेक महिने लागतात. परमिट अमेरिकेतल्या पत्त्यावर मागवून नातेवाइकाकरवी कुरियरने आणता येतं, किंवा अर्जातच परदेशातल्या अमेरिकी दूतावासाचा पर्याय निवडता येतो. अमेरिकेतला पत्ता निवडलात तर तो पक्का हवा. पोस्टपेटीवर तुमचं नाव नसेल तर टपाल परत जातं आणि परमिट पुन्हा मिळवण्यात महिने मोडतात. मंजुरी यायच्या आत वर्ष भरत आलं असेल, तर वर्ष पुरं होण्याआधी ग्रीन कार्डावर परत जा. प्रलंबित अर्ज म्हणजे परमिट नव्हे.

परमिटची मुदत ते दिल्याच्या तारखेपासून दोन वर्षं असते आणि ती वाढवता येत नाही. दुसरं परमिट हवं तर अमेरिकेत येऊन नवा अर्ज आणि पुन्हा ठसे. कायम रहिवासी झाल्यापासूनचा काळ किंवा गेली ५ वर्षं, यांतला जो कमी असेल त्यात तुम्ही एकूण ४ वर्षांहून जास्त बाहेर असलात, तर पुढचं परमिट साधारणपणे एकाच वर्षाचं मिळतं.

परमिट असलं की त्याच्या मुदतीत, केवळ जास्त दिवस बाहेर राहिलात एवढ्याच कारणावरून तुम्ही रहिवास सोडला असं अधिकाऱ्याला ठरवता येत नाही. 'केवळ एवढ्याच' हे शब्द लक्षात ठेवा. इतर कारणं त्याला पाहता येतात. हिंजवडीत कायमची नोकरी, अमेरिकेतलं घर विकलेलं, रिटर्न भरलेलं नाही, अशा फाइलला परमिट वाचवू शकत नाही.

मागे काय चालू ठेवायचं

अमेरिकेत स्वतःचं घर असेल तर ते विकू नका. भाड्याने द्यायचं झालं तर तुमच्या परतीच्या तारखेशी जुळणारा मुदतीचा करार करा. भाड्याचं घर सोडावं लागलं तर सामान गोदामात ठेवून त्याच्या मासिक पावत्या जपा, आणि नातेवाइकाच्या घरी एक खोली तुमची असल्याचं त्यांच्याकडून पत्र घ्या. बँक खातं, क्रेडिट कार्ड, गाडीचा विमा आणि वाहनचालक परवाना चालू ठेवा. परवाना मुक्कामाच्या मध्यात संपत असेल तर निघण्याआधी नूतनीकरण करा.

नोकरीचा मुद्दा सगळ्यात वजनदार. कंपनीने बिनपगारी रजा दिली असेल तर रुजू होण्याची तारीख असलेलं पत्र घ्या. पुण्यातून अमेरिकी कंपनीचंच काम करणार असाल तर पगार अमेरिकेतच आणि डब्ल्यू-२वर (अमेरिकी कंपनीच्या वार्षिक पगारपत्रकावर) राहू द्या, आणि कंपनीकडून लेखी परवानगी घ्या. पुण्यातली नोकरी पत्करावीच लागली तर ठरावीक मुदतीचं कंत्राट घ्या. बाणेरला गृहकर्ज काढून फ्लॅट घेणं आणि त्याच वर्षी अमेरिकेतलं घर विकणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की पुढे काहीही समजावून सांगणं कठीण जातं.

टॅक्स: इथे खूप कार्डं अडतात

ग्रीन कार्ड असेपर्यंत तुम्ही अमेरिकेच्या दृष्टीने निवासी करदाते आहात. जगभरातलं उत्पन्न फॉर्म १०४०वर, म्हणजे निवासींच्या नेहमीच्या रिटर्नवर, दाखवायचं, वर्षभर पुण्यात असलात तरी. १५ एप्रिलला तुमचं घर आणि कामाचं ठिकाण दोन्ही अमेरिकेबाहेर असेल तर रिटर्नसाठी १५ जूनपर्यंत आपोआप मुदत मिळते. देय कराचं व्याज मात्र एप्रिलपासूनच लागतं.

१०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचं रिटर्न, भरू नका. पुण्यातले काही कर सल्लागार भारत-अमेरिका दुहेरी करआकारणी कराराचा आधार घेऊन 'करारानुसार तुम्ही भारताचे निवासी' असं फॉर्म ८८३३वर दाखवायला सुचवतात. कराच्या बाजूने सल्ला बरोबर असेलही, पण तो दावा म्हणजे मी अमेरिकेचा रहिवासी नाही असं स्वतःच्या सहीने लिहून देणं आहे. गेल्या १५ वर्षांपैकी किमान ८ वर्षं ग्रीन कार्ड असेल तर याच दाव्याने देशत्यागाचे करनियम आणि फॉर्म ८८५४ लागू होऊ शकतात. पुण्यात मिळवलेल्या पगारावर दोनदा कर बसू नये म्हणून फॉर्म १११६ भरून परदेशात भरलेल्या कराचं क्रेडिट घ्या. फॉर्म २५५५मधल्या सवलतीत परदेशात खरोखर वास्तव्य असल्याचा एक पर्याय आहे. तो निवडणं तात्पुरत्या मुक्कामाच्या म्हणण्याशी जुळत नाही.

परदेशी खात्यांचा अहवाल, म्हणजे एफबार, बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. वर्षातल्या एका दिवशी जरी भारतातल्या सगळ्या खात्यांची एकूण रक्कम १०,००० डॉलरच्या वर गेली तर फिनसेन फॉर्म ११४ ऑनलाइन भरायचा. मुदत १५ एप्रिल, आपोआप वाढ १५ ऑक्टोबरपर्यंत. सोयीसाठी आईच्या बचत खात्यावर आणि मुदत ठेवींवर दुसरं नाव तुमचं लावलं असेल तर त्याही यात धरायच्या, पैसा आईचा असला तरी. मोठ्या रकमांसाठी फॉर्म ८९३८ वेगळा भरावा लागतो. अमेरिकेत राहणाऱ्या एकट्या करदात्याची त्यासाठीची मर्यादा वर्षअखेर ५०,००० डॉलरपासून सुरू होते. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकी करात फार महाग पडतात आणि प्रत्येकासाठी फॉर्म ८६२१ लागू शकतो. या मुक्कामात नवी एसआयपी सुरू न केलेली बरी.

पुण्यातली बाजू

भारतात आर्थिक वर्षात १८२ दिवस झाले की तुम्ही इथलेही निवासी करदाते होता. भेटीला आलेल्या भारतीय नागरिकाचं इथलं करपात्र उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १२० दिवसांचाही नियम आहे. आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असलात, किंवा आधीच्या ७ वर्षांत ७२९ किंवा त्याहून कमी दिवस भारतात होतात, तर 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' हा दर्जा मिळतो आणि अमेरिकेतलं बहुतेक उत्पन्न इथे करातून सुटतं. १ एप्रिल ते ३१ मार्च असं वर्ष धरून मुक्काम दोन वर्षांत विभागता आला तर आधीच विभागा.

यातला बारीक धागा बँकेत सापडतो. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार तुम्ही अनिश्चित काळ राहण्याच्या हेतूने भारतात आलात तर निवासी ठरता, आणि मग एनआरई (अनिवासींचं रुपयातलं) खातं साध्या निवासी खात्यात बदलावं लागतं. बँकेच्या कागदावर 'कायमचा परतलो' अशी खूण करून सही केलीत आणि विमानतळावर 'तात्पुरता आलो होतो' म्हणालात, तर तुमचेच दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात. खरं काय ते आधी ठरवा आणि बँक, आयकर, कंपनी, मुलांची शाळा आणि यूएससीआयएस सगळीकडे तेच लिहा.

पासपोर्टची मुदत या काळात संपत असेल तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून नूतनीकरण करता येतं आणि पासपोर्टवर पुण्याचा पत्ता आल्याने ग्रीन कार्डाला काही होत नाही. जुना पासपोर्ट मात्र जपून ठेवा, त्यातले शिक्के तुमच्या येण्याजाण्याचा पुरावा आहेत. अमेरिकेत ग्रीन कार्डधारकाच्या पासपोर्टवर आजकाल बहुधा शिक्का मारत नाहीत, म्हणून प्रत्येक बोर्डिंग पासचा फोटो काढून ठेवा.

मुलं

१८ वर्षांखालच्या मुलांच्याही बाबतीत परमिटचा अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र असतो. आई-वडिलांनी रहिवास सोडला असं ठरलं तर त्यांच्या ताब्यातल्या अल्पवयीन मुलांनीही सोडला असं धरलं जातं. त्यामुळे मुलांची फाइल तुमच्या फाइलइतकीच भक्कम हवी. पुण्यातल्या शाळेत जूनमध्ये प्रवेश घेताना अमेरिकेतल्या शाळेकडून परत दाखल करून घेण्याबद्दलचं पत्र आणि आधीचे निकाल ठेवा.

बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्यांसाठी एक दिलासा आहे. ग्रीन कार्डधारक आईच्या तात्पुरत्या परदेश मुक्कामात जन्मलेलं बाळ २ वर्षांचं होण्याआधी, बाळाच्या जन्मानंतर आई किंवा वडील पहिल्यांदा अमेरिकेत परतताना त्यांच्यासोबत व्हिसाशिवाय प्रवेश करू शकतं. सोबत आणणाऱ्या पालकाकडे वैध ग्रीन कार्ड किंवा परमिट हवं. महापालिकेच्या जन्मदाखल्यात आईचं नाव पासपोर्टप्रमाणेच, अक्षर न अक्षर जुळतं, हे दाखला घेतानाच तपासा. नंतरची दुरुस्ती वेळखाऊ असते. आणि बाळाला आजीकडे ठेवून 'जरा ऑफिसचं काम उरकून येते' म्हणून आई एकटी जाऊन आली तर ती पहिली परतीची फेरी वाया जाते आणि बाळासाठी वेगळा व्हिसा करावा लागतो.

कार्ड हरवलं, किंवा मुदत संपतेय

पुण्यात कार्ड हरवलं तर पुणे पोलिसांच्या लॉस्ट अँड फाउंड पोर्टलवर तक्रार नोंदवून प्रत घ्या. मग फॉर्म आय-१३१ए भरा. ५७५ डॉलर शुल्क आधी यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर भरायचं आणि पावती घेऊन अमेरिकी वाणिज्य दूतावासाची वेळ घ्यायची. त्यातून विमान कंपनी तुम्हाला चढू देईल असा कागद मिळतो. हा मार्ग ग्रीन कार्डावर एक वर्षापेक्षा कमी, किंवा रीएन्ट्री परमिटवर दोन वर्षांपेक्षा कमी काळ बाहेर असलेल्यांसाठीच आहे. तेव्हा महिनाभर कपाटं शोधत बसू नका.

दहा वर्षांच्या कार्डाची मुदत सहा महिन्यांत संपणार असेल तर निघण्याआधी फॉर्म आय-९० भरा. ऑनलाइन ४१५ डॉलर, कागदावर ४६५. पावतीने जुन्या कार्डाची मुदत ३६ महिने वाढते. लग्नावरून मिळालेलं दोन वर्षांचं सशर्त कार्ड असेल तर फॉर्म आय-७५१ मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांतच भरायचा, तुम्ही पुण्यात असलात तरी. ही मुदत चुकली तर दर्जाच जातो.

परतीचा प्रवास

१८० दिवसांहून जास्त राहिला असाल तर पहिला अमेरिकी तपासणी नाका अमेरिकेच्या भूमीवर येईल असं विमान निवडा. अबुधाबी, डब्लिन, शॅनन आणि कॅनडातल्या काही विमानतळांवर अमेरिकी इमिग्रेशन तिथेच होतं. तिथे अडवलं तर तुम्ही परदेशातच अडकता आणि न्यायाधीशांपुढे सुनावणी मागण्याचा हक्क वापरणं फार कठीण होतं.

हातातल्या पिशवीत ही पाकिटं ठेवा: परमिट व कार्ड, गेल्या दोन वर्षांची टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट (भरलेल्या रिटर्नचा करखात्याकडचा उतारा), घराचा किंवा गोदामाचा कागद, कंपनीचं पत्र, आणि पुण्यात राहावं का लागलं त्याचा पुरावा. "किती दिवस बाहेर होता?" याला नेमका आकडा सांगा. "तिकडे काय करता?" या प्रश्नाला बरेच जण "आता तिकडेच असतो" असं सहज बोलून जातात. आईची शस्त्रक्रिया अमुक महिन्यात झाली, व्यवस्था लावली आणि कायमच्या घरी परत आलो, हे दोन वाक्यांत सांगा, खरं तेवढंच.

अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही तर तो फॉर्म आय-४०७ पुढे करू शकतो. तो रहिवास स्वखुशीने सोडल्याचा कागद आहे. त्यावर सही करायची सक्ती कोणी करू शकत नाही. नम्रपणे सांगा की सही करणार नाही, मला इमिग्रेशन न्यायाधीशांपुढे सुनावणी हवी आहे. मग साधारणपणे सुनावणीची नोटीस देऊन आत सोडतात. न्यायाधीशांचा अंतिम आदेश होईपर्यंत तुम्ही कायम रहिवासीच असता, आणि तुम्ही रहिवास सोडला हे स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते. थकलेल्या ज्येष्ठांना ही दोन वाक्यं इंग्रजीत लिहून त्यांच्या पासपोर्टच्या पाकिटात द्या.

आई-वडिलांकडेच ग्रीन कार्ड असेल तर

मुलाने किंवा मुलीने प्रायोजित केलेले पण मन पुण्यात रमणारे आई-वडील हा मोठा वर्ग आहे. आठ महिने पुणे, चार महिने अमेरिका अशी वाटणी कायम चालणार असेल तर ग्रीन कार्ड हा त्यांच्यासाठी योग्य कागद नाही. रीतसर फॉर्म आय-४०७ भरून पर्यटक व्हिसासाठी अर्ज करणं त्यांना जास्त सुखाचं. प्रायोजक मूल अमेरिकी नागरिक असेल तर पुढे कायमचं जावंसं वाटल्यास पुन्हा आय-१३० हा प्रायोजनाचा अर्ज भरता येतो, आणि नागरिकाच्या आई-वडिलांना वार्षिक कोट्याची रांग नसते. नोकरीतून कार्ड मिळवलेल्या भारतीयाचं मात्र असं नाही. ते कार्ड गेलं तर पुन्हा भारतीयांच्या लांबलचक रांगेत उभं राहावं लागतं, म्हणून त्याने अधिक जपावं.

नागरिकत्वाचा काळ वेगळा मोजतात

रीएन्ट्री परमिट असलं तरी नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य टिकत नाही. ६ महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर ते खंडित झालं असं गृहीत धरतात आणि तसं नव्हतं हे तुम्हाला दाखवावं लागतं. वर्ष झालं तर ते खंडित होतंच. पाच वर्षांच्या नियमात किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत हवेत, ही अट वेगळी. अमेरिकी कंपनीने किंवा संशोधन संस्थेने पाठवलं असेल आणि कार्ड मिळाल्यावर सलग एक वर्ष अमेरिकेत काढलं असेल, तर फॉर्म एन-४७०ने सलग वास्तव्य राखता येतं. घरगुती कारणासाठी हा मार्ग नाही.

कार्ड मिळून साडेचार वर्षं झाली असतील आणि घरची परिस्थिती थोडी तग धरू शकत असेल, तर आमचं स्पष्ट मत आहे: थांबा. नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-४००, पाच वर्षांच्या ९० दिवस आधी भरता येतो. शपथ घ्या, भारतीय पासपोर्ट जमा करा, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्या आणि मग हवं तितकं पुण्यात राहा.

वर्ष उलटलं आणि परमिट नाही

आता मार्ग एसबी-१ हा परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा. फॉर्म डीएस-११७ आणि १८० डॉलर शुल्क भरून अमेरिकी वाणिज्य दूतावासाकडे अर्ज. तीन गोष्टी दाखवायच्या: निघताना तुम्ही कायम रहिवासी होता, परतायचा इरादा कधी सोडला नाही, आणि मुक्काम लांबला तो तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने. स्वतःचा अपघात किंवा रुग्णालयातला दीर्घ मुक्काम हे कारण टिकतं. घर विकलं जात नव्हतं, हे टिकत नाही. आईचं आजारपण असेल तर दुसरं कोणीच नव्हतं आणि प्रवास खरंच अशक्य होता, हे डॉक्टरांच्या तारीखवार नोंदींनी दाखवावं लागतं. अर्ज मंजूर झाला तर डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज, २०५ डॉलर आणि वैद्यकीय तपासणी. नामंजूर झाला तर नव्याने प्रायोजन करणं एवढंच उरतं. म्हणून वर्षाचे शेवटचे दोन महिने सुरू होताच तिकिटाची तारीख पक्की करा.

परत पोहोचल्यावर अमेरिकेतला पत्ता बदलला असेल तर १० दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरा आणि राहिलेलं रिटर्न व एफबार पूर्ण करा. पुन्हा पुण्याला जावं लागणार असेल तर पहिल्याच आठवड्यात नवा आय-१३१ पाठवा. ठसे देऊन झाल्याशिवाय पुढचं तिकीट काढू नका.